पडद्याचा एप्रन

शेवटच्या घंटेला नऊ दिवस उरले होते
आणि नारीनच्या बाजारात पांढऱ्या एप्रनची किंमत ऐकून
बेगिमाय काही बोलली नाही.
नुसती शिवण उलटून पाहिली, एप्रन परत ठेवला,
बाहेर आल्यावर म्हणाली,
"आतून कच्चाच आहे, आई. उन्हाळाभर टिकायचा नाही."

मी तिला आयुष्यात तेवढंच शिकवलंय :
कुठलंही कापड आधी उलटं करून बघायचं.

घरी आलो. मे महिना असूनही शेगडी पेटवली.
चहा होईपर्यंत दोघी एकाच जागी बघत होतो.
पुढच्या खोलीतला जाळीचा पडदा,
माझ्या लग्नातला,
अठरा हिवाळे कोळशाचा धूर प्यालेला.
आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता.

रात्रभर तो सोड्याच्या पाण्यात भिजला.
सकाळी घमेल्यात पाणी इतकं काळं
की मला माझीच लाज वाटली.
एवढी वर्षं मी स्वतःला टापटिपीची समजत होते.

सासूबाईंचं पोडोल्स्क मशीन, हातानं फिरवायचं.
दांडा माझ्याकडे, कापड तिच्याकडे.
"हळू," ती म्हणायची. "थांब. आता फिरव."
मी फिरवणारी आणि ती सांगणारी
हे कधीपासून झालं, ध्यानात आलं नाही.

लहानपणी तिला तुमार शिकवला होता,
चिंध्यांचा त्रिकोण,
दृष्ट लागू नये म्हणून गोधडीत जोडतात तो.
तिच्या त्रिकोणांना नेहमी चौथा कोपरा फुटायचा.
ती वेडीवाकडी उशी तिचा बाप
येकातेरिनबुर्गला घेऊन गेलाय,
बांधकामावरच्या खोलीत डोक्याखाली घेतो.

एक खांदपट्टी मी उलटी जोडली.
तिनं पाहिलं, पण अवाक्षर काढलं नाही.
मध्यरात्री उजेड दिसला म्हणून उठले,
तर ब्लेडनं एकेक टाका उसवत बसलेली,
उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत.
वीतभर दोरा.
खरं सांगते, मी तो टाकला असता.

रविवारी त्याचा फोन, व्हिडिओवर.
"खिडकीला काय झालं गं?"
"पडदा धुवायला काढलाय."
इतकं बेमालूम, की जोड कुठे आहे कळू नये.
आणि खोटं तरी कसं म्हणू? धुतला होताच.

जूनमध्ये ती बिश्केकला जाणार,
शिवणाच्या कारखान्यात.
एका ओळीत चाळीस मशिनी,
एक मुलगी दिवसभर फक्त उजव्या बाह्या लावते.
"आणि डाव्या?"
"डाव्या दुसरी."
"मग अख्खा सदरा कोण बघतं?"
ती हसली. मला हसू आलं नाही.
सुई हातात दिली तेव्हा वाटलं होतं
पोर घराला टाका घालील.
सुईच्या टोकाला घर आणि रस्ता सारखेच.

घंटेच्या दिवशी पटांगणात तीसेक एप्रन,
आपला मी लांबूनच ओळखला,
खाली गुलाबाच्या वेलीची किनार,
जी अठरा वर्षं कोचाच्या पाठीमागे लपलेली होती.
शेजारच्या साकिननं विचारलं, कुठून आणलास?
घरचाच, म्हणाले.

संध्याकाळी तिनं एप्रन धुतला, इस्त्री केली, घडी घातली.
मी म्हटलं, खांदपट्ट्या काढून परत खिडकीला लावू?
"नको. पुढच्या वर्षासाठी उल्पानला दिलाय.
एक पोतं बटाटे ठरलेत.
तिची आई दीड म्हणत होती,
पण वापरलेला आहे ना, मीच नको म्हटलं."

त्याच्या जुन्या शर्टांचे तुकडे बेतून ठेवलेत,
नव्या पडद्यासाठी.
उघड्या खिडकीतून सगळं दिसतं :
डोंगरावर उरलेलं बर्फ, कुणाची मेंढरं,
चौकात थांबणारी बिश्केकची गाडी.
तुकडे अजून जोडले नाहीत.