फेरपडताळणी

माझं काम वजनांचं.
मस्जिद बंदर, कुर्ला, भायखळ्याचा भाजीबाजार.
पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच,
काट्याखालचं लोहचुंबक
मी बोटांनी ओळखते.
दुकानदार चहा मागवतात,
मी म्हणते, आधी शिक्का दाखवा.

आज परळच्या इस्पितळात
अनवाणी पायांनी मीच काट्यावर.
टाचांखाली थंड पत्रा, हातात दोन मुठी.
तस्नीम नावाची पोरगी म्हणाली, हलू नका.
अंगातून वीज जाते म्हणे, कळणारही नाही इतकी,
स्नायूतून सरळ निघते, चरबीत अडखळते,
त्या अडखळण्याचा हिशेब कागदावर उतरतो.

चौपन्न किलो.
लग्नाआधीही चौपन्नच.
मी हसणार, इतक्यात तिनं पेन खालच्या ओळीवर टेकवलं.
स्नायू कमी. चरबी छत्तीस टक्के,
तीही दंडावर नाही, मांडीवर नाही,
पोटाच्या आत, यकृताला बिलगून,
जिथे शिंप्याची टेप पोचत नाही.

वजन बरोबर, माल वेगळा.
अशी तक्रार आली की आम्ही लिहून देतो:
भेसळ आमच्या खात्यात येत नाही.

सात वर्षांपूर्वी, सहाव्या महिन्यात,
लिंबू पिळलेलं ग्लुकोजचं पाणी,
दोन तास बाकावर, मग सुई.
मग दिवसातून चारदा बोट टोचणं, मांडीत इन्सुलिन.
सासूबाई शेजारी सांगायच्या, तिला जरा पित्त झालंय.
रेवती झाली चार किलो शंभर ग्रॅम.
वॉर्डभर पेढे.
माझी तर छातीच फुगली,
एवढा भरघोस आकडा, आणि माझ्या पोटचा!
तिसऱ्या दिवशी साखर नॉर्मल.
पाहुणी होती, सगळे म्हणाले,
बाळंतपणाबरोबर आली, बाळंतपणाबरोबर गेली.
मालवणहून आत्याचे डिंकाचे लाडू आले,
तूप सुटलेले, डबाभर.
फाइलवर सिस्टरनं लिहिलं होतं,
सहा आठवड्यांनी तपासणी, पुढे दरवर्षी.
ती फाइल माळ्यावर आहे, झबल्यांच्या खाली.

काट्याच्या शिक्क्याची मुदत एक वर्ष.
परवाच ठक्करच्या पेढीला दंड केला,
आठ महिने उलटले होते.
तो म्हणत राहिला, मॅडम, काटा बरोबर आहे.
होताही.
मी म्हटलं, बरोबर असणं वेगळं,
तपासलेलं असणं वेगळं.

वायंगणकर डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघतात.
मधुमेह नाही. अजून नाही.
त्या ‘अजून’ला तोलायला
माझ्या पेटीत माप नाही.
पाहुणी म्हणे उंबऱ्याशीच उभी आहे,
चपला सापडत नाहीयेत तिला.

भात कमी करायचा, हे मला ठाऊक होतं.
त्या म्हणाल्या, स्नायू कमवा, साखर तिथं खपते.
काहीतरी जड उचलत जा.

दुपारी ठक्करकडेच, फेरपडताळणीला.
चिंचोळा लाकडी जिना, वेलदोड्याचा वास.
आमचा शिपाई गावडे दोन्ही हातांत
विसाविसाची प्रमाण वजनं घेऊन मागून येतो,
अकरा वर्षं असंच चाललंय,
मी पुढे, वजन मागे.
पहिल्या पायरीवर वळून म्हटलं,
एक इकडे द्या.
राहू दे मॅडम, हात भरून येईल.
येऊ दे.

लोखंडी मूठ तळव्यात रुतली.
खांद्यात काहीतरी जुनं, बिनवापराचं
दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरलं.
अकराव्या पायरीवर वजन टेकवून मी श्वास घेते आहे,
आणि वरून पेढीवरचा पोऱ्या ओरडून विचारतो,
मॅडम, चहात साखर किती?

अजून नऊ पायऱ्या आहेत.