पाहिल्याची तारीख

तार्तूच्या विद्यापीठात, तळघरात
तळटीपा तपासायचं माझं काम.
वरच्या मजल्यावर विचार करतात,
मी खाली बसून विचारते,
कुठून आणलंत?

राइगो प्रबंध घेऊन आला.
विषय: सोमाच्या दलदलीतला पूर,
ज्याला तिथले लोक पाचवा ऋतू म्हणतात.
पान एक्केचाळीस:
स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधलेली नाव,
आत चुलीवर किटली.
खाली लिहिलेलं, 'स्रोत: इंटरनेट'.

म्हटलं, पत्ता विचारल्यावर
'पृथ्वी' सांगितल्यासारखं झालं हे.
तो म्हणाला, उघड्यावरच तर होतं.
कुंपण नाही म्हणून
सफरचंदाचं झाड बेवारशी होत नाही रे.

मग किती घेतलं तर चालतं?
तीन ओळी? दहा टक्के?
नेमका आकडा मलाही कुणी सांगितलेला नाही.
आई काळ्या पावाचं आंबवण
शेजारून आणायची, वाटीभर.
पीठ आपलं, मीठ आपलं, रात्रभराची वाट आपली.
पाव आमचाच व्हायचा,
तरी कापताना ती म्हणायची,
आंबवण हेल्मीकडचं.
हेल्मीची परात
कुणी उचलून आणली नाही कधी.

तीन आठवडे शोधत होतो.
तोच फोटो सतरा ठिकाणी:
चहाच्या जाहिरातीत, विम्याच्या पत्रकावर,
एका कॅलेंडरवर तर उलटा,
नाव डावीकडची उजवीकडे.
नाव मात्र कुणाचंच नाही.

शेवटी वल्ह्यावरच्या पुसट आकड्यावरून
फोन लागला एल्मारना. वय नव्वद.
"नाव आमची, खिडकी आमची.
फोटो माझा नव्हे.
मी नुसतं वल्हं धरून होतो.
आस्टानं काढला, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून,
आणि नंतर आठवडाभर खोकत होती.
पैसे नकोत. वापरा.
तिचं नाव तेवढं लिहा.
इतक्या गावांना जाऊन आली ती,
पोचली कुठेच नाही."

राइगोनं टाइप केलं. मग थांबला.
ही पाहिल्याची तारीख कशाला लिहायची?
म्हटलं, लिंक मरतात.
आपण गेलो तेव्हा
घरात कुणीतरी होतं,
एवढं तरी राहू दे.

एल्मारना फोनवर तळटीप वाचून दाखवली.
पुन्हा वाचा, म्हणाले.
पुन्हा वाचली.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.
मग म्हणाले,
वेट्टिक.
त्यात टी दोन येतात.