निळी दोरी

पहिला नमुना आम्ही चादरीत गुंडाळून नेला,
झोपलेलं मूल न्यावं तसा.
सुदुरेयरीचा मासळी कारखाना, पहाटेचे पाच.
डिसेंबरात तिथं पाच काय आणि बारा काय,
सूर्य डोंगर ओलांडतच नाही.

एकसंध काच. एकही कळ नाही.
बोट फिरवलं की वजन, जात, प्रत
तळाशी दिसणाऱ्या खड्यांसारखी उमटायची.
एयदिसचं तीन महिन्यांचं जागरण.
मला हेवा वाटला होता. तेव्हा बोलले नाही, आता सांगते.

बोगुमिलानं रबरी मोज्यातल्या बोटानं काचेवर टिचकी मारली.
काच ढिम्म.
मोजा दातांनी ओढून काढला, बोट ॲप्रनला पुसलं;
ॲप्रन ओला, बोट आणखी ओलं,
काचेनं कॉडला हॅडॉक ठरवलं
आणि पट्ट्यावरून अकरा मासे बिनवजनाचे पुढे गेले.
ती कोणाला काही म्हणाली नाही.
वाकली, आणि नाकाच्या शेंड्यानं काच दाबली.

परतताना बोगदा. आत रस्ता एकपदरी,
समोरून दिवे आले की खाचेत शिरून थांबायचं.
एयदिस म्हणाली, "यांना शिकवावं लागेल."
दिवे आले. थांबलो.
मी विचारलं, "कोणी कोणाला?"

सोमवारी तिला परत धाडलं, आठवडाभर.
वही नको, मोजपट्टी नको,
सुरी घे आणि पट्ट्यापाशी उभी राहा.

गुरुवारी रात्री फोन.
आधी नुसता श्वास, मग: "जुन्या काट्याच्या दांड्याला
निळी दोरी बांधलीय, जाळ्याची, तुटकी.
खाली गाठ. गाठ कोपराच्या उंचीला.
मी इतके दिवस तिला कचरा समजत होते."

आमच्याकडे एक खण आहे.
एकोणीस वर्षांत मेलेल्या कळा, मुठी, खटके,
प्रत्येकाला चिठ्ठी: कशानं गेलं, कोणाच्या हातून.
तिची काच आत ठेवण्याआधी
मी माझी पहिली मूठ काढून तिच्या तळहातावर दिली.
गोल, गुळगुळीत, पहिल्याच गोठणाऱ्या रात्री तडकलेली.
तिनं ती बराच वेळ फिरवली.
मग हसली. महिन्यात पहिल्यांदा.

त्यानंतर भिंतीवर कच्चंच लावायचं ठरलं.
पक्क्या कामासमोर लोक माना डोलावतात;
कच्च्यासमोर एखादा पेन्सिल मागतो.
झाडूच्या दांड्याचा एक, सायकलच्या ट्यूबचा एक,
एक चक्क बटाट्याचा.
सातवा टिकला: कोपरानं रेटायचा रुंद दांडा,
बदकाच्या पायासारखा.
थॉर्गिल्स साहेब म्हणाले, "किती कुरूप!"
आणि मग कोपरानं रेटून पाहिला,
आणि मग आणखी दोनदा, उगाच.

नोंदणीच्या कागदावर बोगुमिलाच्या नावाला रकाना नव्हता.
एयदिसनं आराखड्यातच, दांड्याला टेकून,
पेन्सिलीनं एवढीशी गाठ काढली,
शेजारी नाव लिहिलं.
कार्यालयानं ते दोनदा खोडून पाठवलं.
तिसऱ्यांदा तिनं शाईनं लिहिलं.

पुढच्या हिवाळ्याच्या सरतीला
सूर्य डोंगराच्या खांद्यावरून डोकावला.
घरोघरी कॉफी, पातळ गोड धिरडी.
आम्ही डबा घेऊन कारखान्यात गेलो.
यंत्र चालू. आमचा दांडा जागेवर.
आणि दांड्याला
निळी दोरी.
गाठ चार बोटं खाली.

मी बोगुमिलाकडे पाहिलं.
"माझी नाही," ती म्हणाली. "रात्रपाळीची लिवायवाय.
फिलिपिन्सची, नवीन. माझ्या खांद्याला लागते."

मला काहीतरी म्हणायचं होतं,
पिकल्या वयाला शोभेल असं.
पण धिरड्याचा तुकडा तोंडात तसाच धरून
एयदिस केव्हाच ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती,
गाठीपासून जमिनीपर्यंत
मोजपट्टी सोडत.