मशीन दोन

रुवैसच्या कॅम्पात, आमच्या ब्लॉकला
माणसं एकशे बारा, कपडे धुण्याची मशीनं तीन,
त्यातलं एक रमजानपासून बंद.
शुक्रवारी तिथं बादल्यांची रांग लागायची.
माणूस खोलीत झोपलेला, त्याच्या जागी बादली उभी,
आणि बादली कुणी सरकवली यावरून
बिजूच्या ओठाला दोन टाके.

मी स्टोअरकीपर. नट-बोल्ट मोजतो.
कोडिंग मला ठाऊक
विमान ठाऊक आहे तितकंच:
बसायचं, उतरायचं.
तरी एका शुक्रवारी, जेवण झाल्यावर,
वरच्या बंकवर, छताला नाक टेकेल इतक्या जागेत,
फुटक्या काचेच्या फोनवर एआयला लिहिलं
बोलतो तसंच, चिपळूणच्या वळणाचं:
बाबा रे, ह्या बादल्यांचं कायतरी कर.

त्यानं आधी विचारलं, मशीनं किती, माणसं किती,
एक धुणं किती मिनिटांचं,
रात्रपाळीवाले कधी उठतात.
इतकं नीट मला इथं कुणी विचारलं नव्हतं.
मग म्हणाला, हा चौकोन इकडे ओढा, ते बटण खाली,
नावापुढे खोली, खोलीपुढे वेळ.
मी ओढत गेलो.
मगरीबच्या अजानपर्यंत ॲप उभं राहिलं,
निळं, एका बाजूला कललेलं,
पहिल्यांदा थापलेल्या भाकरीसारखं.
नाव ठेवलं ‘नंबर’.

त्या रात्री सगळ्यांचाच नंबर पहिला लागला.
अकरा जण दारात, काखेत कपडे,
हातात फोन, आणि प्रत्येकाचं खरं.
गुलफराज म्हणाला, स्टोअरवाले, तेरा ही नट ढीला है.
मी तक्रार जशीच्या तशी कळवली, नटासकट.
एआयनं माफी मागितली
आणि चार मिनिटांत पेच आवळला.

दोन आठवड्यांत बादल्या गेल्या.
भांडणं चपलांच्या रॅककडे सरकली.
मला इंजिनीअर म्हणू लागले, अर्धं चिडवत,
अर्ध्याची मला चटक लागली.
हौसेनं नियम वाढवले:
आठवड्यातून तीनदाच, चौथ्याला नाव लाल.

पहिलं लाल नाव यादगिरी, खोली चौदा.
रोज रात्री दोन ते पावणेतीन, मशीन दोन.
स्कॅफोल्डिंगवाला माणूस, दोन डांगऱ्या अंगाच्या,
धुतो तरी काय एवढं?

गेलो बघायला.
दार लोटलेलं. मशीन घरघरत होतं,
काचेआड ड्रम फिरत होता, आत
पाणी होतं, फेस होता,
कपडा एकही नाही.
तो भिंतीला पाठ लावून खाली बसलेला,
फोन ओठांशी धरून काही रेकॉर्ड करत होता,
थांबत होता, पुसत होता,
पुन्हा पहिल्यापासून.
तेलुगू मला येत नाही.
पण आवाज इतका खाली आणून
कुणाशी बोलतात, ते कळतं.
सकाळी ती चूल पेटवताना ऐकणार असेल.
आठ जणांच्या खोलीत
तसा आवाज काढायला जागा नसते.
इथं मशीन लावलं की बाहेर
मशीनच ऐकू येतं.

चपला हातात घेऊन परत आलो.

एआयला लिहिलं, तो लाल नियम काढ.
काढला, म्हणाला.
आणि एक बटण वाढव, कपड्यांशिवायचं.
त्यानं विचारलं, कपड्यांशिवाय मशीन
कशासाठी वापरलं जाईल?
उद्देश सांगितलात तर बटणाला नाव सुचवतो.
अंगठा बराच वेळ काचेच्या भेगेवर फिरत राहिला.
नाव नको, लिहिलं. नुसतं ठेव.

महिन्याभरानं बघतो तर
बारा ते चार, मशीन दोन, भरलेलं.
टेकबहादूर. मोफिज. गुलफराज, दोनदा.
बिजूसुद्धा, ओठ आता बरा.
कॅम्प बॉसनं विचारलं, रात्रीचं पाणी जातं कुठं?
म्हटलं, सर, धूळ फार आहे.

मला मिळाली गुरुवारची सव्वातीनची वेळ.
सोबत एक शर्ट घेतला, दाखवायला.