चुकलेला पुठ्ठा

माचणूरच्या फाट्यावर एसटीतून उतरलो
तेव्हा पिशवीत जेकार्डचा एक पुठ्ठा होता,
एक भोक चुकीच्या जागी पडलेला.
वारा घ्यायला बरा पडतो.
माग आठवडाभर बंद असले
की आमच्या पूर्व भागातला माणूस
असाच कुठंतरी उतरतो.

किल्ला म्हणजे आता तट तेवढा.
आत बाभळी, मशीद, गवतात बुडालेली जोती,
खाली भीमा, वळण घेऊन संथ.
तटात ओळीनं जंग्या.
मी सवयीनं वाचत गेलो :
भोक, भोक, कोरं, भोक.
सत्तावीस वर्षं पुठ्ठे ठोकलेत,
भोकांवरून चादरीचं फूल ओळखतो मी.
इथं प्रत्येक भोकातून
नुसतं पाणी दिसलं.

"मोजायला आलाव का लिवायला?"
शेळ्यांमागून सोजरबाई.
म्हटलं, बघायला.
"मग बसा की."

सासूनं तिला सांगितलेलं तिनं मला सांगितलं :
दिल्लीचा बादशा हितं चार वर्सं बसून ऱ्हायला.
हत्ती, उंट, कापडाचं आख्खं गाव.
जातो जातो म्हनायचा, गेला न्हाई.
आन एका रातीत नदी वर आली.
तंबू, घोडी, मानसं, समदं धुऊन.
बादशानं म्हनं दुवा लिवल्या कागदावर
आन सोडल्या पान्यात.

उतरलं का पाणी?

"पानी उतरतंयच कवातरी.
नाव कागदाचं झालं."

मला आमचा ताता आठवला, मल्लेशम.
करीमनगरकडून तोही चार वर्षांसाठीच आलेला,
पैसे साठले की परत, म्हणायचा
थेट शेवटपर्यंत, तेलुगूत.
त्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे,
दोरी बांधलेली.

सोजरबाईचा मोबाईल वाजला.
उजनीतून पाणी सोडलंय,
काठच्या लोकांनी जनावरं वर घ्यावीत.
पूर आता निरोप देऊन येतो.
ती उठली, घाई न करता.

मी घाटाच्या पायरीशी गेलो,
पुठ्ठा काढला.
"ओ! नदीत कागुद टाकू नगा,
शेरडं पितेत पानी!"

हात तसाच राहिला.
तेवढ्यात एका करड्यानं
मागून येऊन पुठ्ठ्याचा कोपरा ओढला
आणि चावत उभं राहिलं,
बरोबर ते चुकलेलं भोक
आणि पुढच्या दोन ओळी.