अठरा मिलिमीटर

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये सतरा हंगाम झाले मला.
टेबलावर घड येतो, मी कात्री फिरवते
आणि रिंग न लावताच सांगते :
हा अठराचा, हा सोळाचा, हा लोकल.
सुपरवायझर म्हणतात, गांगुर्डेबाईंच्या डोळ्यातच माप बसवलंय.

त्याच डोळ्यांनी
मी तीस वर्षं स्वतःला चौतीस समजत आले.

चौतीस ठरवलं मेन रोडवरच्या एका दुकानदाराने,
मी चौदाची असताना.
आई काउंटरवर वाकून म्हणाली, "हिच्यासाठी... आतलं."
त्याने गल्ल्यावरून मान वर केली,
एकदा बघितलं, "चौतीस" म्हणाला,
आणि पुन्हा सुट्टे मोजू लागला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं
आईने घरापर्यंत कोथिंबिरीच्या जुडीखाली आणलं.

मग दोन बाळंतपणं, एक थायरॉइड.
चौतीस मात्र राहिलं
रेशन कार्डावरच्या जुन्या पत्त्यासारखं.

वाळतही ते कायम टॉवेलखालीच.
पट्टा घसरायचा, नाहीतर रुतायचा.
विहिरीच्या दगडाला दोराने पडते
तशी खाच खांद्यावर.
एकदा ऐन कंटेनर भरताना खालची तार बाहेर आली,
काखेत कोपर दाबून मी दिवसभर
परदेशी जाणारी द्राक्षं भरली. एक मणी डागी जाऊ दिला नाही.
घरी आल्यावर आधी हुक, मग चप्पल.
वाटायचं, बाईचं अंग असंच,
संध्याकाळ झाली की दुखणारं.

गेल्या मंगळवारी शालिमारला रिपोर्ट आणायला गेले,
लॅब दोनला उघडणार होती.
शेजारच्या जिन्यावर पाटी :
फक्त महिलांसाठी. माप घेऊन मिळेल.
"माप घेऊन" मी दोनदा वाचलं.

वर समरीन नावाची मुलगी, गळ्यात टेप,
डब्यातली शेवटची पोळी संपवत होती.
हात धुऊन आली, पडदा ओढला.
"ताई, श्वास सोडा."
सोडला.
"अजून आहे आत."

टेप थंड होती.
छातीखालून, मग छातीवरून,
पुन्हा एकदा, या वेळी जरा सावकाश.
द्राक्षं सोडली तर
इतक्या सावकाश काही मोजताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.
"चौतीस नाही हो. अडतीस, डी कप."
म्हटलं, "बघ गं, टेप ताणली असेल."
ती हसली नाही. पुन्हा मोजलं.
अडतीस.

पहिली काखेत चावली.
दुसरीत मी दिसत होते
लग्नाच्या हॉलमधल्या कव्हर घातलेल्या खुर्चीसारखी.
तिसरी, चौथी आठवत नाही.
पाचवी साधी सुती, बदामी, तार नसलेली, मागे तीन हुक.
घातली
आणि काहीच झालं नाही.

म्हणजे तेच तर. काहीच झालं नाही.
हात वर केले, वाकले,
टेबलावरून घड उचलतात तशी पुढे झुकले.
टोचलं नाही, सरकलं नाही,
मी आहे हे मला कुणी सारखं सांगत नव्हतं.

मांडवाची तार हवी तेवढीच ताणायची,
जास्त ताणली तर फांदीला काचते,
सैल सोडली तर घड मातीला टेकतात.
आमच्याकडे हे कालच्या आलेल्या पोरालाही कळतं.

चारशे ऐंशी रुपये. एक घेतली.
अर्धा जिना उतरून परत वर गेले, दुसरी घेतली.
समरीन काळी पिशवी शोधत होती.
"राहू दे," म्हटलं, "अशीच दे."
म्हटलं खरं.
खाली रस्त्यावर आल्यावर रिपोर्टच्या पाकिटामागे धरली.

बुधवारी काम सुटलं
तेव्हा लक्षात आलं, आज मी घड्याळ बघितलंच नाही.

आता रविवारी आईला न्यायचंय तिथे.
ती म्हणते, या वयात काय मोजायचंय माझं?
फोनवर तिची धाप ऐकू येते, बोलताना.
म्हटलं, ते नंतर बघू.
आधी श्वास तर सोड.