बाक

नकाशात मी पाम काढले होते,
ओळीनं सोळा,
आणि मधे हिरवळ.

विडी घरकुलातल्या नरसव्वानं
कागद उलटसुलट करून पाहिला.
"नळाला पाणी पाचव्या दिवशी,
हे गवत काय पिणार ओ?"

मांडीवरचं सूप बाजूला सारून
ती मला उन्हात घेऊन गेली.
काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा,
कुंपणाशी कुणीच न लावलेला एक करंज,
खाली तेंदूच्या पानांचं कातरण.

"चारला सावली इथं येते."
चपलेनं तिनं रेघ ओढली.

रात्री पाम खोडले.
करंज, कडुनिंब,
कडेनं तरवड, त्याला शेळीही तोंड लावत नाही.

बाक त्या रेघेवरच बसवला.
साहेब येतात, म्हणतात,
वाकडा बसलाय.